लॉकरातले देव

"साहेब, आमच्या देवांना नैवेद्य दाखवायचाय," मी म्हणाले.

आवटे साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या डब्याकडे, मग शेजारी उभ्या असलेल्या आत्यांकडे. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या बार्शीकडं बऱ्याच घरांत सासूला आत्याच म्हणतात. त्यांच्या एका हातात फुलांची परडी होती आणि दुसऱ्या हातात घंटा. बँकेत आवाज करायचा नाही असं मी बजावून आणलं होतं, म्हणून घंटेचा लोलक त्यांनी दोन बोटांत घट्ट धरून ठेवला होता.

"देऊळ मागच्या गल्लीत आहे, ताई," साहेब म्हणाले.

"देऊळ ठाऊक आहे. आमचे देव तुमच्याकडे आहेत. लॉकरात."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. पलीकडे कॅशियरबाईंचा शिक्का हवेतच राहिला.

"म्हणजे मूर्ती ठेवल्यात का चांदीच्या?"

"टाक," आत्या म्हणाल्या. "खंडोबाचा आणि भवानीचा. माझ्या सासूच्या सासूपासूनचे. आज मार्गशीर्षातला पहिला दिवस. खंडोबाचं नवरात्र बसतं आमच्याकडं, चंपाषष्ठीला उठतं. देवाला आज घटावर बसवायचं असतं. आता तो तुमच्या कपाटात बसलाय, तर निदान दोन फुलं तरी वाहू द्या."

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले घरचे देव, तळहातावर मावतील एवढे. त्यांना रोज आंघोळ लागते, गंध लागतं, आणि त्यांचं झाल्याशिवाय आत्या तोंडात घोटभर चहाही घालत नसत. गेले काही महिने त्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या खंडोबाला हात जोडून वेळ मारून नेत होत्या. पण नवरात्र म्हटल्यावर कॅलेंडर चालेना.

साहेब म्हणाले, "आणि किल्ली कुणाकडं आहे?"

मी मागं पाहिलं. आमचे हे भिंतीला पाठ लावून उभे होते. पाठीमागून कुणी येऊ नये म्हणून. शर्टाच्या आत बनियन, बनियनला आतून शिवलेला खिसा, खिशाला सेफ्टी पिन, आणि त्यात ती किल्ली. काढायची म्हणजे माणसानं निम्मे कपडे सोडायचे. ते त्यांनी खांबाआड जाऊन केलं.

बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात. आधी साहेबांची फिरते, मग आपली. साहेबांची फिरली. आमची आत जाईना. साहेबांनी ती उजेडात धरली, वास घेतला आणि विचारलं, "हिला हळदकुंकू का लागलंय?"

"पूजा करतात," आत्या म्हणाल्या.

"कुणाची?"

"किल्लीची."

टाचणी घेऊन साहेब किल्लीच्या दात्यांतलं हळदकुंकू कोरत बसले. बराच वेळ गेला. शेवटी लॉकर उघडलं, श्रीखंडाच्या डब्यातून देव बाहेर आले, आत्यांनी पाण्याचं बोट फिरवून त्यांना पुसलं, फुलं वाहिली. मी निरांजन काढलं तसे साहेब पुढं झाले. तिथं काडी ओढायला बंदी. मग वॉचमन मारुतीनं आपली बॅटरी दिली आणि आत्यांनी त्या बॅटरीनं देवाला ओवाळलं. बॅटरीचा सेल उतरत आला होता, मधेच विझायची, की मारुती पुढं होऊन तिला थापट मारायचा. नैवेद्याचा शिरा सगळ्यांनी खाल्ला. साहेबांनी दोनदा मागून घेतला आणि म्हणाले, "आमचंही कुलदैवत खंडोबाच. बदल्यांच्या नादात तळी भरायची राहूनच जाते." मग खुर्चीवर बसले तसे साहेब पुन्हा साहेब झाले आणि म्हणाले, "पण हे रोज चालणार नाही हं."

हसू नका. तेव्हा मला हसू येत नव्हतं. देव लॉकरात ठेवायचं हे खूळ निघालं कसं, ते आधी सांगते.

आमचे हे, म्हणजे गजानन देशमाने, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. उभी नोकरी धरणाकाठच्या तंबूत गेली. साप, विंचू, वादळवारा, कशाकशाचं त्यांना काही नाही. चटईवर पडले की घोरणं सुरू. मी लग्न होऊन गेले तेव्हा तंबूला दार म्हणून गोणपाट होतं, आणि त्या गोणपाटामागं हा माणूस राजासारखा झोपायचा. मग निवृत्त झाले, बार्शीत स्वतःचं घर बांधलं, सागवानी दार बसवलं, आणि त्या दारानं यांची झोप उडवली.

निमित्त झालं शेजारच्या जगदाळ्यांकडं चोरी झाली त्याचं. चोरांनी मिक्सर नेला आणि दोरीवर वाळत घातलेली चादर नेली. मिक्सर चादरीत बांधून नेला असणार, असं जगदाळेवहिनींचं म्हणणं. एवढंच झालं. पण यांनी ते मनाला लावून घेतलं. दाराला कुलपावर कुलूप आलं. कुलूप लावायचं, ओढून बघायचं, मग त्याला लोंबकळून बघायचं. एसटी स्टँडपर्यंत जायचं आणि अर्ध्यातून परत येऊन पुन्हा लोंबकळायचं. एकदा माझ्या चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला निघालो होतो. हे लोंबकळले आणि कडी कोयंड्यासकट उपसून हातात आली. लग्नाला गेलो नाही. दोघं जण नवे कपडे घालून दिवसभर उघड्या दाराची राखण करत बसलो.

झोप म्हणाल तर नावाला नाही. डोळे खोल गेले, हात थरथरायला लागले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, औषधानं किती दिवस रेटणार? हा माणूस झोपला नाही तर हृदय साथ द्यायचं नाही." त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. घरदार, सोनंनाणं चुलीत जाऊ दे, पण हा माणूस झोपला पाहिजे, एवढाच माझ्या जिवाला घोर होता.

म्हणून लॉकर घेतलं तेव्हा मला बरंच वाटलं. माझे दागिने त्यात ठेवले आणि हे दोन दिवस गाढ झोपले. तिसऱ्या दिवशी घराची कागदपत्रं आठवली. ती नेली, पुन्हा दोन दिवस झोप. मग माझी पैठणी. मग मामंजींचं बंद पडलेलं घड्याळ. मग स्वतःचा मॅट्रिकचा दाखला. निवृत्त माणसाचा मॅट्रिकचा दाखला चोरून चोर काय पुन्हा मॅट्रिक होणार होता, ते देवाला ठाऊक. पण मी बोलले नाही, कारण प्रत्येक वस्तूमागं दोन दिवसांची झोप मिळत होती. घर रिकामं होत चाललं आणि एक दिवस घरात नेण्यासारखं काही उरलंच नाही. तेव्हा यांची नजर देवघराकडं गेली.

"चांदीचे आहेत," हे म्हणाले.

"देव आहेत," आत्या म्हणाल्या.

"तुला देव दिसतात, आई. चोराला चांदी दिसते."

"अरे, देव घर राखायला असतात."

"म्हणूनच त्यांना आधी राखायला पाहिजे."

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली आणि टाक मऊ फडक्यात गुंडाळून श्रीखंडाच्या डब्यात ठेवले. आत्या काही बोलल्या नाहीत. म्हातारी गप्प बसली की मला धास्ती वाटायची, कारण बोलताना ती काय करणार ते कळायचं, गप्प असताना कळायचं नाही.

देव गेले. दोन दिवस झोप. तिसऱ्या दिवशी हे उठून बसले आणि म्हणाले, "विमल, किल्ली चोरली तर?"

आता किल्ली कुठं ठेवायची? तांदळाच्या डब्यात ठेवली, तर मी भात टाकताना हे पाठीशी उभे. उशीत शिवली, ती मानेला टोचायला लागली. मग दसरा आला. दसऱ्याला आपण हत्यारांची, अवजारांची पूजा करतो. यांनी आपला मोजपट्टीचा टेप ठेवला, मी विळी ठेवली, आणि देवघर मोकळंच होतं म्हणून यांनी मधोमध तांदळाच्या राशीवर किल्ली ठेवली. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, आपट्याची पानं वाहिली. दुसऱ्या दिवशी मी टेप उचलला, विळी उचलली. किल्लीला हात लावणार तोच हे म्हणाले, "असू दे. तिथं बरी आहे. देवघरात कुणी हात घालत नाही."

झालं. किल्ली तिथंच बसली.

सुरुवातीला हे नुसते जाऊन बघायचे. आहे ना? आहे. मग बघता बघता हात जोडायला लागले. मग आंघोळ करून सोवळ्यानं बघायला लागले. मग एक फूल, मग उदबत्ती. मी म्हटलं, "अहो, हे काय चाललंय?" तर म्हणाले, "देवघर रिकामं बरं दिसत नाही." घराबाहेर पाऊल टाकायचं असलं की किल्ली बनियनच्या खिशात, परत आले की आधी पाय धुवून तिला पाटावर बसवायचं. एकदा मी पाहिलं, हे डोळे मिटून तिच्यापुढं उभे होते आणि ओठ हलत होते. मला रडू आलं. ज्यानं उभा जन्म कशाला भीक घातली नाही, तो माणूस लोखंडाच्या तुकड्यापुढं गयावया करत होता. आणि झोप तर नव्हतीच. किल्लीपायी पुन्हा उठून उठून देवघरात फेऱ्या चालू होत्या.

आत्या जपमाळ ओढत हे सगळं पाहायच्या. एकदाच म्हणाल्या, "गजा, नवस बोललास का रे तिला?"

"तसं काही नाही, आई."

"बोलून बघ. पावली तर सांग मला."

मग मार्गशीर्ष लागला आणि बँकेतला तो बॅटरीच्या ओवाळणीचा प्रकार झाला. मधले दिवस आत्या घरी रिकाम्या पाटाला फुलं वाहत राहिल्या. रिकामा म्हणजे, किल्ली होतीच. आत्या किल्लीच्या बाजूनं फुलं ठेवायच्या, तिला एक पाकळीसुद्धा लागू द्यायच्या नाहीत.

चंपाषष्ठी उजाडली. आमच्याकडं मोठा सण. वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे यांचा नैवेद्य, मग तळी भरायची. तळी म्हणजे ताम्हणात देव, पानसुपारी, खोबरं आणि भंडारा, म्हणजे हळद, ठेवायची आणि पाच पुरुषांनी ते ताम्हण येळकोटाच्या गजरात उचलायचं. आषाढापासून आत्यांनी वांगं तोंडात घेतलेलं नव्हतं. नैवेद्य झाला की मगच त्या जेवणार. मी सकाळीच चुलीवर वांगी भाजायला ठेवली. तेवढ्यात आत्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"विमल, मूठभर दहीभात कालवून दे गं."

"कुणाला, आत्या? तुमचा तर उपास आहे."

"एक जण निघालाय. निघालेल्याला रिकाम्या पोटी लावू नये."

मला वाटलं दारात कुणी जोगी आला असेल. मी पानावर दहीभात दिला आणि वांगी उलटायला वळले. बाहेरून यांच्या आंघोळीचा आवाज येत होता.

थोड्या वेळानं देवघरातून एक आवाज आला. ओरडणं नव्हे. पाय घसरून विहिरीत पडताना माणूस श्वास घेतो तसा. मी धावले. हे ओलेत्यानं देवघरापुढं उभे होते. पाट स्वच्छ पुसलेला. त्यावर काही नव्हतं.

"किल्ली," हे म्हणाले.

पुढचं काय सांगू. घर उलथंपालथं केलं. तांदूळ चाळले, डाळी चाळल्या, गाद्या उसवल्या. जगदाळेवहिनी मदतीला आल्या तर हे त्यांच्याकडंच संशयानं बघायला लागले. बिचारी आपल्या बटव्यातलं सगळं काढून दाखवून गेली. मी आत्यांना विचारलं, "तुम्ही पाहिली का हो?"

"मी देव बघते," आत्या म्हणाल्या, "किल्ल्या नाही बघत."

यांनी बँकेत फोन लावला. आवटे साहेब म्हणाले, किल्ली हरवली तर अर्ज करावा लागेल, कंपनीचा माणूस पुण्याहून येईल, ड्रिल मारून लॉकर फोडेल, आठवडाभर तरी लागेल. हे मटकन जमिनीवर बसले. उसवलेल्या गादीचा कापूस सगळीकडं उडत होता, केसांत बसत होता. म्हणाले, "संपलं. सगळं त्यातच आहे. देवसुद्धा आत अडकले." आणि छातीवर हात ठेवला. डॉक्टरांचे शब्द आठवले आणि मी देवाचं नाव घ्यायला गेले, तर मलाही आधी लॉकरच आठवलं.

आत्या म्हणाल्या, "विमल, नैवेद्य डब्यात भर. ताम्हण घे, भंडारा घे."

"कुठं, आत्या?"

"तळी आजच भरायची असते. देव जिथं आहेत तिथं भरू."

"किल्ली नाही ना, आई," हे म्हणाले. "लॉकर उघडणार नाही."

"मी लॉकर उघडायचं कुठं म्हणाले? ऊठ. कापूस झटक."

म्हातारी उठली की तिला कुणी अडवू शकत नव्हतं. रिक्षा केली. डब्यातलं भरीत रिक्षाभर घमघमत होतं. गडबडीत घराला कुलूप घालायचं राहिलं. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा आम्ही बँकेच्या पायऱ्या चढत होतो, आणि मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

बँकेत पेन्शनवाल्यांची रांग होती. आवटे साहेब आम्हाला बघून उभेच राहिले.

"आजी, किल्लीशिवाय आत सोडता येत नाही. नियम आहे."

"का सोडता येत नाही?"

"कुणी काही नेईल म्हणून."

"आम्ही न्यायला नाही, द्यायला आलोय," आत्या म्हणाल्या आणि डब्याचं झाकण उघडलं. "पाच पुरुष लागतात. तुम्ही एक."

साहेबांनी भरिताकडं पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. मग का कोण जाणे, टेबलाच्या खणातून रुमाल काढून त्यांनी डोक्याला बांधला. "मारुती, तू पण ये," ते म्हणाले. मारुती वॉचमन आला, शिपाई आला. पाचवा कोण? रांगेतून एक पेन्शनर आजोबा पुढं झाले. म्हणाले, "मी जेजुरीला सहा वेळा गेलोय. माझा नंबर मात्र जाऊ देऊ नका." कॅशियरबाईंनी त्यांचा नंबर धरून ठेवला.

आम्ही सगळे लॉकरच्या खोलीत उभे राहिलो. भिंतभर पोलादी दारं, सगळी सारखी. आमचं कुठलं ते मला आठवेना. आत्यांनी फरशीवर ताम्हण ठेवलं, पानं मांडली, खोबरं ठेवलं, भंडाऱ्याची रास केली. मधली जागा मोकळी सोडली.

"तिथं टाक ठेवायचे असतात," हे म्हणाले. "आई, मध्ये काहीच नाही. हात कुणाला जोडू?"

"रोज कुणाला जोडत होतास?"

यांनी ताम्हणातली मोकळी जागा बोटानं चाचपली.

"गजा, तू पाच वर्षांचा असताना तुला गोवर आला होता. अंगावर ताप, दार उघडं, घरात दिवा नाही. त्या साली पोटासाठी टाकसुद्धा गहाण होते. तुझ्या बापानं अशीच रिकाम्या ताम्हणाची तळी भरली होती. तेव्हा तुला कुणी राखलं?"

मला हे माहीत नव्हतं. यांनाही नव्हतं. यांचं तोंड लहान मुलासारखं झालं.

"चांदी आत आहे," आत्या म्हणाल्या. "चांदी राहू दे आतच. देवाला कोण कोंडतंय? ऊठ, तळी उचल. मला भूक लागलीय."

पाच जण ताम्हणाभोवती बसले. मारुतीनं बॅटरी पेटवून दिवटीसारखी धरायला माझ्याकडं दिली. नवे सेल घातले होते त्यानं. ताम्हण उचललं. "सदानंदाचा येळकोट," साहेब हळूच म्हणाले, बँकेत बोलतात तसे. दुसऱ्यांदा उचललं. पेन्शनर आजोबांनी गळा काढला. तिसऱ्यांदा उचललं तेव्हा आमचे हे ओरडले. कित्येक महिन्यांत मी त्या गळ्यातून असा आवाज ऐकला नव्हता. धरणावर मजुरांना हाक मारायचे तसा. "येळकोट येळकोट जय मल्हार." आणि बाहेरच्या रांगेनं सगळ्यांनी मिळून जबाब दिला. आत्यांनी भंडारा उधळला. पोलादी दारं पिवळी झाली, साहेबांचा चष्मा पिवळा झाला, सूचनांचा फळा पिवळा झाला. आणि हे त्या हळदीत उकिडवे बसून हमसून हमसून रडत होते आणि म्हणत होते, "तू बघ रे बाबा आता. माझ्यानं होत नाही. तूच बघ."

मीही रडत होते. बॅटरी हलत होती म्हणून मारुतीनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

नैवेद्य झाला. सगळ्या स्टाफनं भरीत-रोडगा खाल्ला. आजोबांना त्यांचा नंबर मिळाला.

घरी आलो. दार सताड उघडं होतं. उंबऱ्यात जगदाळ्यांचं मांजर बसलं होतं. हे दारात थांबले, उघड्या दाराकडं पाहिलं, कडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं आता काय होतंय देव जाणे. हे म्हणाले, "वाढ काहीतरी." जेवले. आत्यांच्या शेजारी बसून दोन रोडगे भरिताबरोबर खाल्ले. मग उसवलेल्या गादीतलाच कापूस ओढून डोक्याखाली घेतला आणि बाहेरच्या खोलीत, उघड्या दारासमोर, आडवे झाले.

आणि घोरायला लागले.

दुपार गेली, संध्याकाळ गेली. लोक दारावरून जाताना डोकावून बघायचे. जगदाळेवहिनी म्हणाल्या, "दार लावू का?" आत्या म्हणाल्या, "लावू नका, वारा येतोय त्याला." दुसऱ्या दिवशी दूधवाला यांना ओलांडून आत आला आणि दूध ठेवून गेला, तरी हे झोपलेलेच. मी मधून मधून नाकापुढं बोट धरून बघत होते. श्वास चालू होता. मी खुळी, आनंदानं रडत बसले.

पुढं यथावकाश कंपनीचा माणूस आला, ड्रिल मारलं, टाक घरी आले. नवी किल्ली घेता का, असं साहेबांनी विचारलं तर हे म्हणाले, "नको, लॉकरच सोडतो." मॅट्रिकचा दाखला घरी आला तो नंतर वाळवीनं खाल्ला. पैठणी मी नेसून नेसून जुनी केली. दाराला एक कुलूप राहिलं, तेही गावाला जाताना आठवलं तर. दर चंपाषष्ठीला आवटे साहेब, बदली होऊन सोलापूरला गेले तरी, तळीला आमच्याकडं यायचे. डोक्याला तोच रुमाल.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा, म्हणजे मागच्या कार्तिकात, तुळस वाळली म्हणून हे वृंदावनातली माती बदलायला बसले. मी पायरीवर शेंगा सोलत होते. खुरप्याला काहीतरी खटकन लागलं. यांनी माती बाजूला केली. लाल चिंधीची पुरचुंडी होती, कुजलेली. आत एक सुपारी, आणि एक किल्ली. किल्लीच्या दात्यांत अजून हळद होती.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. दहीभात आठवला. निघालेल्याला रिकाम्या पोटी लावू नये. म्हातारीनं त्या दिवशी यांच्या देवाची यथासांग उत्तरपूजा केली होती. शिदोरी दिली, सुपारी दिली, लाल चिंधीत बांधून त्याला पोचवलं. उत्तरपूजेला अक्षता टाकताना पुन्हा ये असं म्हणायचं असतं. ते मात्र आत्यांनी म्हटलं नसणार, एवढं मी सांगते.

मी यांच्याकडं पाहिलं. काही झालं तर धरायला म्हणून मी उठायच्या तयारीत होते. यांनी किल्ली उजेडात धरली, अंगठ्यानं घासली, उलटसुलट केली.

"विमल, ही कशाची किल्ली गं?"

मी त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिले. थट्टा नव्हती. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"काय माहीत," मी म्हणाले. "असेल कसलीतरी जुनी."

"दाते बरे आहेत हिचे," हे म्हणाले, आणि त्याच किल्लीनं माती उकरून त्यांनी तुळशीचं नवं रोप लावलं. मग हात धुतले, दार उघडंच टाकलं आणि दुपारचे झोपायला गेले.